छापलेलं सेव्ह बटण

मंगळवार, संध्याकाळ. पनवेल.

सात महिने खपून उरणच्या मासळीच्या कोल्ड स्टोरेजसाठी सॉफ्टवेअर बनवलं. कसं चाललंय ते बघायला आज गेले. कॉम्प्युटरवर प्लास्टिकचं कव्हर. तिथल्या सुपरवायझर काकांनी माझ्यासमोर एक वही उघडली. माझ्याच स्क्रीनची प्रिंट काढून, तिच्या झेरॉक्स मारून बाइंड केलेली. प्रत्येक पानाच्या तळाशी माझं निळं सेव्ह बटण, झेरॉक्समध्ये काळं पडलेलं. माल आत आला की काका पेनाने रकाने भरतात आणि शेवटी सेव्हवर टिक करतात.

“तुमचा फॉरम जाम भारी हाय, मॅडम. आता काय इसरायला होत नाय.”

चिडायचं कोणावर? मालकाने सांगितलं ते मी बनवलं, तेही रोडपालीतल्या ऑफिसात बसून, व्हिडिओ कॉलवर. बर्फाने ओले झालेले हात कीबोर्डवर कसे चालतील, हे एकदा तरी विचारलं का मी?

निघताना मालकाने एकच बदल सांगितला. सेव्हचा चौकोन जरा मोठा करा, टिक बाहेर जाते.

घरी आल्यापासून तोच मोठा करत बसलेय.