मी मटकीचं पाणी तोडलं होतं

प्रिय शीला,

जयभीम.

आत्ताच दवाखान्यातून आलोय. चपला काढल्या, मटकीची वाटी भरली आणि सरळ लिहायला बसलो. घाबरू नकोस, दवाखाना जनावरांचा होता, मला काही झालेलं नाही. तू गेल्याला अकरा महिने झाले, पण मी तुझ्याशी एक शब्द बोललो नाही. फोटोसमोरसुद्धा नाही. रागच होता माझा. असं न सांगता जातं का कुणी? पण आज जे घडलं, ते तुला सोडून दुसऱ्या कुणाला सांगू?

आधी मटकी कोण ते ऐक. विहाराच्या खोलीत तुझी अंगणवाडी भरायची, तेव्हा दाराशी एक भुरी कुत्री बसायची, आठवते? तू तिला तुझ्या डब्यातली अर्धी पोळी टाकायचीस आणि मी म्हणायचो, "एवढी पोरं कमी पडली काय तुला?" ती कुत्री हिवाळ्यात टेम्पोखाली गेली. मागं एकच पिल्लू राहिलं, दीडेक महिन्याचं. मला कसली हौस! पण गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "बाईंच्या कुत्रीचं पिल्लू हाय, तुमच्याच घरी शोभंल." आणून टाकलं की अंगणात. रंग मोड आलेल्या मटकीसारखा, म्हणून नाव मटकी.

आता माझी अक्कल ऐक. पस्तीस वर्षं चिकलठाण्याच्या कंपनीत लेथ चालवली. केसाएवढा फरक पडला तर माल परत पाठवणारा माणूस मी! आणि त्या मूठभर जिवाला काय दिलं? तुझ्या वरणाच्या कुंड्यात गाईचं दूध, त्यात अख्खी भाकरी कुस्करून. ते संपलं की आणखी. पोट नगाऱ्यासारखं झालं की मला वाटायचं, वा, पिल्लू बाळसं धरतंय. शिवाय गल्लीचं प्रेम वेगळंच. कुणी बिस्कीट देई, कुणी उरलेली पुरणपोळी. नाही कुणाला म्हणायचं?

पाण्याचं तर विचारूच नकोस. आपल्याकडे नळ आठवड्यातून एकदा येणार, म्हणजे पाणी म्हटलं की माझा हात आपोआप आखडतो. त्यात ती घरभर शू करायची. मी डोकं लढवलं, दुपारनंतर वाटीच उचलून ठेवायची! पाणी नाही तर शू नाही. आहे की नाही टर्नरचा हिशोब?

मग मागच्या महिन्यात तिला जुलाब लागले. दिवसातून आठ-दहा वेळा. आणि शीला, मी काय केलं असेल? पाणी पूर्ण बंद केलं. पाइप गळायला लागला की आधी वॉल्व्ह बंद करायचा, एवढंच मला ठाऊक. वरून ओतलं तर खालून जाणारच, असं माझं मलाच समजावलं आणि वाटी फळीवर ठेवून दिली. ती त्या फळीकडे बघत बसायची. मी म्हणायचो, "गप पड, बरी होशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठेना. हाक मारली तर शेपूट नुसती हलल्यासारखी वाटली. तेवढ्यात समोरची शबाना आली, मटकी दारात दिसली नाही म्हणून. सिल्लोडहून लग्न होऊन आलेली ती बारीकशी पोरगी, आता तीन लेकरांची आई आहे. तिनं मटकीला बघितलं, मग फळीवरच्या वाटीकडे बघितलं.

"चाचा, पानी कायकू उठाके रखे?"

"जुलाब लागलेत ना. बंद केलंय."

काय सांगू तुला, ती पोरगी माझ्यावर जी कडाडली! "बंद करे? तुम बंद करे? बाईके घर में?" मग खाली बसली, मटकीच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली, मग हळूहळू खाली बसली. "देखो. अंदर पानीच नै रहा. मेरे आरिफ का पेट बी ऐसाइच हुआ था. सास पानी बंद करी थी. बाई आके चमचे चमचे से पिलाये. शाम तक हिले नै मेरे घर से. तुमकु कुच नै बताये क्या?"

नाही बताये का गं? माझा तुझ्यावर हाच तर रुसवा होता त्या क्षणी. अख्ख्या वस्तीला शिकवलंस, घरातला माणूस तेवढा कोरा ठेवलास? पण खरं मला माहीत आहे. तू कणीक मळताना आयांच्या बैठकीत काय सांगायचं त्याची मोठमोठ्यानं तयारी करायचीस, "जेवढं बाहेर गेलं, तेवढं आत गेलं पाहिजे, पाणी तोडायचं नाही!" आणि मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. एकदा तर म्हणालो होतो, पोरांना पाणी पाजायचं, त्यात काय एवढं भाषण! तू काही बोलली नाहीस. बोलायला हवं होतंस, शीला. चांगलं लाटणं घेऊन बोलायला हवं होतंस.

शबानानं रिक्षा बोलावली. मटकीला तुझ्या जुन्या शालीत गुंडाळून नेलं. डॉक्टर मॅडमनी हिरड्यांवर बोट फिरवलं, कातडीखाली सलाइन दिलं आणि मला म्हणाल्या, "काका, आणखी अर्धा दिवस गेला असता तर हे पिल्लू हाती लागलं नसतं." मग त्यांनी सगळं समजावलं. दूध बंद. खाणं थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. पाणी कायम समोर. "पाणी उचलल्यानं शू थांबत नाही हो. खाल्ल्यावर, झोपून उठल्यावर बाहेर न्या, शिकेल." इतकं सोपं होतं!

त्या दिवसापासून बघ मला! सकाळी मटकीचं दिवसभराचं खाणं मापून एका डब्यात काढतो. गल्लीत कुणाला तिला भरवायची हौस आली, तर त्यानं त्या डब्यातलंच भरवायचं, आपल्या घरचं आणायचं नाही. प्रेम तेवढंच, पोटात मात्र मापाचं. पाणी दोनदा बदलतो, वाटी विसळून. नळाचा दिवस लांबला तर माझी अंघोळ तांब्याभर पाण्यात उरकतो, पण तिची वाटी भरलेली असते. दर रविवारी गिरणीवाल्याच्या काट्यावर पिठाच्या डब्यात बसवून वजन करतो. गिरणीवाला हसतो. हसू दे.

आज पुन्हा दाखवायला नेलं होतं. मॅडमनी वजन बघितलं, दात बघितले, कातडी ओढून बघितली. टपकन खाली! "एवढं नीट कुणी शिकवलं, काका?" खरं तर अर्धं त्यांनीच शिकवलेलं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "माझ्या बायकोनं. अंगणवाडी सेविका आहे." आहे म्हणालो मी. आणि शीला, छाती अशी भरून आली! तेहतीस वर्षांच्या संसारात चारचौघांत तुझ्याबद्दल असं कधी बोललो होतो का मी? मला तुझा अभिमान वाटतो गं. फार वाटतो. हे तुझ्या तोंडावर सांगायला काय पैसे पडत होते मला?

मॅडम म्हणाल्या, "मग पुढच्या वेळी त्यांना घेऊनच या. इथं रोज कुणीतरी पाणी तोडून पिल्लू आणतं. माझं ऐकत नाहीत, त्यांचं ऐकतील."

मी नुसतं "बरं" म्हणालो आणि बाहेर आलो. बाकावर गंगापूरकडचा एक माणूस बसला होता, पिशवीत पांढरं पिल्लू. विचारलं तर म्हणाला, "हगवण लागली जी. कालपासून पानी तोडलं, तरी थांबंना." माझा हात आपोआप पिशवीत गेला. कातडी चिमटीत धरली, सोडली. उभीच राहिली. मी त्याला सांगितलं, काही न लपवता, की मीही हेच केलं होतं आणि माझं पिल्लू जाता जाता राहिलं. मग रांगेतल्या लोकांना हात जोडले. सगळ्यांनी वाट दिली आणि त्याला आत पाठवलं. पिल्लाला सलाइन लागल्यावरच मी तिथून हललो.

येत्या शनिवारी मी पुन्हा जाणार आहे. मटकीला घेऊन नाही, एकटाच. मॅडमना खरं काय ते सांगेन. म्हणेन, शीलाबाईंना तुम्ही बोलावलं होतं, पण त्या आता नाहीत. त्यांच्या जागी मी बाहेरच्या बाकावर बसून लोकांना सांगितलं, तर चालेल का? आणि त्या हो म्हणाल्या, तर दर शनिवारी बसेन. हा माझा शब्द आहे तुला.

तुझा,
प्रकाश