बिनभिंतीचे नळकोंडाळे

मी, नलिनी मनमोहन तळपदे, वय वर्षे छप्पन्न, धंदा इमारतींचे नकाशे करणे, राहणार गिरगाव, मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या हृदयाचा भरवसा नाही असे डॉक्टर म्हणतात. बुद्धीबद्दल त्यांची तक्रार नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. पूर्वी पुष्कळांनी ते आणून पाहिले आहे.

१. गिरगावच्या घरातील माझा हिस्सा पुतणी सुनेत्रा हिला मिळावा. "मुलीला घरात वाटा कशाला?" असे नातलगांनी विचारले तेव्हा वडील म्हणाले होते, "तिचा ड्रॉइंगचा फळा भाड्याच्या जागेत जाऊ नये म्हणून." तो फळा, टी-स्क्वेअर आणि कंपासपेटीही सुनेत्राचीच. ती वास्तुकला शिकते आहे. तिने श्रीमंतांचे बंगले जरूर बांधावेत; वाळकेश्वरला मीही बांधले, त्यावर पोट चालले. मात्र जिथे एका नळावर अख्खा मजला उभा राहतो, तिथले काम आले तर "बघू" म्हणू नये.

२. माझे थोरले बंधू अण्णा, म्हणजे श्री. शशिकांत मनमोहन तळपदे, यांना मी त्यांचा एक नकाशा परत करते. त्याची हकीकत आमच्या घरात दोन तऱ्हांनी सांगितली जाते, म्हणून खरी लिहून ठेवते.

पंचावन्न साली परळच्या एका चाळीच्या मालकांनी मला नवे नळकोंडाळे आणि बायकांच्या न्हाण्या आखायला सांगितल्या. तोवर तिथल्या बायका उजाडायच्या आत, लुगड्याचा आडोसा धरून अंघोळ उरकीत. मी नकाशात प्रत्येक न्हाणीच्या दाराला आतून कडी दाखवली, वर उजेडाला झडप, आणि बाहेर घागर टेकायला कमरेइतका कट्टा. मालक खूश झाले. म्हणाले, "आता मधून एक भिंत घाला. मागच्या वळीचे नळ वेगळे."

मागच्या वळीत, म्हणजे खोल्यांच्या मागच्या रांगेत, अस्पृश्य ठरवलेली कुटुंबे राहत. मी म्हटले, "हा गुन्हा आहे."

"कागदावर गर्दीच्या सोयीसाठी असं लिहा ना."

मी नकाशा गुंडाळून उठले. काम अण्णांनी घेतले. त्यांचा नकाशा माझ्याच नकाशावरून उतरवलेला, मधोमध त्यांची भिंत. मला म्हणाले, "नलू, मी नाही काढली तर दुसरा कोणी काढील." पुढे कित्येक वर्षे आम्ही भावंडे जेवणापुरतेच बोललो.

मालकांनी काम रेंगाळत ठेवले. दरम्यान संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटले. मागच्या वळीतल्या कौसल्याबाई गमरे आणि पुढच्या वळीतल्या रखमाबाई सावंत सत्याग्रहात धरल्या गेल्या आणि एकाच कोठडीत पडल्या. भिंतीचा सर्वांत मोठा आग्रह रखमाबाईंचा होता. गेल्या वर्षी भिंतीच्या विटा येऊन पडल्या, तशा दोघी मिळून माझ्या दारात आल्या.

रखमाबाई म्हणाल्या, "बाई, तुरुंगात तापानं फणफणले होते. हिनं पाणी पाजलं, म्हणून उठले. आता घरी येऊन भिंत कुणाला घालू?"

कौसल्याबाईंनी विचारले, "तुमचा पहिला नकाशा हाय का अजून?"

होता.

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही वळींतल्या बायका त्या विटांवर जाऊन बसल्या. गिरणीची पाळी संपली की एक जथा यायचा, दुसरा उठायचा. गवंडी परत गेले. मालकांनी पोलीस आणण्याची धमकी दिली, तेव्हा रखमाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आणा की! तुरुंग बघून आलोय आम्ही." साऱ्या चाळीत हशा पिकला. त्या हशापुढे मालक टिकले नाहीत. त्याच विटांतून, माझ्या पहिल्या नकाशाप्रमाणे, न्हाण्या उभ्या राहिल्या; अण्णांचा नकाशा मालकांनी माझ्याकडे टाकून दिला.

या महिन्याच्या एक तारखेला, महाराष्ट्र राज्य झाले त्या सकाळी, नळ सोडले. दोन्ही वळींच्या घागरी एकाच कट्ट्यावर टेकल्या. आजवर मी केलेल्या कामांत इतके देखणे दुसरे नाही. अण्णा न बोलावता आले, ओंजळभर पाणी प्याले आणि म्हणाले, "नलू, उतार छान साधलाय."

मी म्हटले, "भिंत नसली की साधतो."

ते हसले. माझा राग तिथेच संपला. नकाशा त्यांनी जाळावा की जपावा, हे त्यांचे त्यांनी ठरवावे.

३. पोस्टातील माझी सर्व शिल्लक त्या चाळीच्या रहिवासी मंडळाला, नळ आणि कड्या दुरुस्त ठेवण्यासाठी द्यावी. मालकांना काही नाही.

४. कौसल्याबाईंना काय ठेवावे, याचा मी पुष्कळ विचार केला. वकील म्हणाले, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. वारसा किंवा सही, एकच काय ते. मी त्यांनाच विचारले. त्या गेल्या तीन वर्षांत साक्षरता वर्गाला जाऊन लिहायला शिकल्या आहेत. म्हणाल्या, "सही करते. पण तुमच्या खाली नको, शेजारी."

म्हणून या कागदावर साक्षीदारांच्या सह्या माझ्या सहीच्या ओळीतच आहेत. कायद्याची हरकत नाही. मी विचारून घेतले आहे.

गिरगाव, मुंबई. दिनांक ८ मे १९६०.

नलिनी मनमोहन तळपदे — कौसल्या राजाराम गमरे, साक्षीदार — डॉ. मोरेश्वर अजिंक्य, साक्षीदार