सालींसकट

रविवार, १२ डिसेंबर १९५४

काटोलच्या संत्र्यांची टोपली दुपारीच रिकामी झाली. साल एकही नाही. बहिणीने लेकीला, सुमीला, मारलं. "किती खाशील वं, राकशीन!"

मेंदूज्वरातून उठल्यापासून सुमी फुगतेच आहे. डॉक्टर म्हणाले, पोट भरल्याचं मेंदू सांगतो. तापात तीच जागा गेली. बहिणीला पटत नाही. पटावं तरी कसं?

मी सुमीला जवळ घेतलं. "मावशी, पोट दुखून राहिलं. पण आतून बस म्हणणारं कोणीच नाही वं."

बहिणीने स्वयंपाकघराला कुलूप लावलं. सुमी कुलपापुढे शांत बसली. जबडा मात्र हलतच होता.

"काय लपवलं तोंडात?" बहिणीने पुन्हा हात उगारला. मी सुमीच्या तोंडात बोट घालून पाहिलं. साल एकही नाही. काहीच नाही. बहिणीचा हात तसाच राहिला.