आईचा कास्टा

आई, मूल गावच्या बाजारातून तुझ्यासाठी आणलेलं निळं सहावारी पातळ अजून माझ्याकडे आहे, घडीसुद्धा मोडलेली नाही. नर्सची नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात घेतलं होतं. धानाच्या बांधीत नेसायचं ते कास्ट्याचं लुगडं तू चारचौघांतही नेसायचीस, याची मला लाज वाटायची. तू पातळावरून हात फिरवलास आणि पेटीत ठेवून दिलंस. मी तोंड फुगवून बसले, तेव्हा चुलीपुढून म्हणालीस, "मले कास्ट्याबिगर उभंच राहाता येत नाई, बाई. काऊन मागं लागतेस?" मला तो हट्ट वाटला. दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही.

रोवणी चालू असताना तू मधूनच शेताच्या बांधाआड, धुऱ्यामागे जायचीस आणि कास्टा आवळून परत यायचीस, हे मी लहानपणापासून पाहत होते. धाकट्याच्या वेळी बाळंतपणाच्या दहाव्या दिवशी तू भारे उचलायला गेलीस, हेही ठाऊक होतं. दवाखान्यात गर्भपिशवी खाली उतरून अंग बाहेर आलेल्या बाया यायच्या. त्यांना "कधीपासून?" असं मीच विचारायचे. घरी आल्यावर तुला मात्र जेवायला काय आहे एवढंच विचारायचे. तू गेलीस, शेवटची अंघोळ घालताना कास्टा सोडला, तर आतून चिंध्यांची घट्ट गुंडाळी निघाली. काकू म्हणाली, "लय वर्षं झाली. पोरीले सांगू नको म्हणे." मला माझा राग आला, अजून येतो.

आता माझंही अंग उतरलं आहे. डॉक्टरबाईंनी आत एक मऊ रिंग बसवून दिली, ती ठरल्या वेळी दाखवायची आणि धुऊन घ्यायची. लघवी रोखताना आवळतो तसं रिकाम्या वेळी आतून आवळायचं, थोडं थांबायचं, सोडायचं. जड उचलायचं नाही, खोकला अंगावर काढायचा नाही, कुंथायचं नाही. एवढ्यानं नाहीच भागलं तर ऑपरेशन आहे. मी ड्यूटी करते, जिने चढते. तूही हे पातळ नेसून बाजारात हिंडली असतीस.

हे सगळं मी रोज बायांना सांगते, लपवू नका म्हणते. हा कागद पातळाच्या घडीतच राहणार आहे, म्हणून लिहून टाकते. डॉक्टरबाईंनी "कधीपासून?" विचारलं, तेव्हा मी दोन महिने सांगितले. तीन वर्षं झाली होती. साडीच्या आत मीही कापडाचा कास्टा आवळून बांधत होते.