चिरलेली फोक

विटा,
१९ जानेवारी २०२५

प्रिय मंगल,

तुला आणि घरच्यांना नमस्कार. तू फोनवर मला ब्लॉक केलंस, म्हणून हा कागद. पाकीट मागितलं तर पोस्टातल्या बाई चकितच झाल्या. पत्र लिहिणारा माणूस आता विट्यात संस्कृत शिकवणाऱ्या मुसलमानाइतका दुर्मिळ, आणि मी एकटाच दोन्ही आहे.

तुझी आई, म्हणजे आमच्या मावशी, बऱ्या आहेत. खोकला आहे. भाकरी अर्ध्यावर आलीय, शिव्या मात्र पूर्ण आहेत. मला अजून "मास्तर झालास तरी शेंबडाच" म्हणतात.

तुझा शेवटचा मेसेज होता, आईचं रेकॉर्डिंग पुसून टाक. विनंती नाही, थेट आज्ञार्थ. तुझ्या शिवतेजची सोयरीक जमतेय आणि त्याची आजी तारेच्या कुंपणात वाढली हे व्याह्यांना कळायला नको. इंग्रजांनी तुमची अख्खी जात जन्मतःच चोर ठरवून छावणीत कोंडली. लाज खरं तर त्यांची. जाताना तुमच्याकडे विसरून गेले.

असल्या छावण्यांत बालपण गेलेल्यांच्या आठवणी जमवणाऱ्या मंडळींनी मला हे काम दिलं. मला वाटलं, मावशी टोपल्यांबद्दल बोलतील. बोलल्याही. निरगुडीची फोक कधी तोडायची, किती भिजवायची. तुला मी तेवढंच कळवलं होतं.

शाळेत तू सांगायचीस, आई फोकेनं मारते. गल्लीभर ऐकू यायचं. कुठंही चोरी झाली की पोलीस तुमच्या दारात, आणि ते दिसले की मावशी आधी तुलाच झोडपायच्या. दुसऱ्या दिवशी तुझ्या अंगावर वळ नसायचा, म्हणून मी तुला खोटारडी म्हणायचो. त्या मारावरून तू आजही आईशी धड बोलत नाहीस.

ती छावणीतल्या बायकांची रीत होती, मंगल. हजेरीला पोर चुकलं की शिपाई दांडकं उचलायचा. त्याच्याआधी आईनंच पोराला बडवलं, तर त्याचं समाधान व्हायचं. त्यासाठी बायका फोक मधोमध चिरून ठेवायच्या. चिरलेली फोक फटाफट वाजते, लागत नाही. "आवाज मोटा, मार थोडा," असं म्हणून मावशी हसल्या. मीही हसलो.

मग त्यांनी धनाजीचं सांगितलं. तुला एक मामा होता, हे तुला माहीत नसेल. दहा-एक वर्षांचा. तारेखालून सरकून शेजारच्या रानातला ऊस आणायला गेला आणि संध्याकाळची हजेरी चुकली. तुझी आजी चिरलेली फोक घेऊन धावली. शिपायानं ती हातात घेतली, वाकवून बघितली. युक्ती त्याच्या ध्यानात आली. त्यानं आपलं दांडकं आजीच्या हातात दिलं आणि लहानग्या हरणाचा, म्हणजे तुझ्या आईचा, गळा धरून उभा राहिला. आजीचा हात थांबला की त्याची पकड आवळायची.

आजी मारत राहिली. पाठ फुटली. नाकातोंडातून रक्त आलं. धनाजी "आई, आई" ओरडत होता, ते बंद झालं, तरी शिपाई बस म्हणेना. त्यानं बस म्हटलं तेव्हा पोर गेलं होतं. पुढं चौकशी झाली. आईनं पोर मारलं, असं ठरलं. साक्षीदार भरपूर होते आणि एकही खोटं बोलत नव्हता.

मी फोन बंद करायला गेलो. मावशींनी माझा हात बाजूला सारला.

"ऱ्हाऊ दे, नईम. मंगलला सांग, मी तिला मारलं, खरं हाय. पर माज्या हातात कुनी दांडकं दिलं न्हाई. म्हनून मला थांबता आलं."

हे तुला कसं लिहावं, ते सुचत नव्हतं. सगळे अलंकार शिकवून झालेत, एकही उपयोगी पडला नाही.

रेकॉर्डिंग मी अजून कुणाला पाठवलेलं नाही. मावशी म्हणतात, "मंगल म्हंती तर पूस. पर आदी तिनं ऐकावं." तेव्हा तू ये. आईशेजारी बसून ऐक. मग फोन तुझ्या हातात देतो आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत जातो. पुसायचं तर तू पूस. माझ्या बोटानं ते होणार नाही.

धनाजी ठाऊक असलेली माणसं कालपर्यंत दोन होती. हे वाचलंस, आता तीन झाली.

त्यांतला एक,
नईम