लाल सह्याद्री, हिरवा किनारा

१ डिसें., सोम.
प्लायवुडवर महाराष्ट्राचा नकाशा, त्यात दीडशे बारके दिवे. नारायण पेठेतल्या आमच्या शाळेत भूगोल आता चमकणार म्हणे. आठवीची मुलं कोड लिहिणार, दिवे उंची दाखवणार: डोंगर लाल, सखल भाग हिरवा. कॉम्प्युटरच्या सय्यद मॅडम भलत्याच उत्साहात. मी मान डोलावली. छापील नकाशातले रंग सव्वीस वर्षं जागेवरून पाठ आहेत. हे दिवे मुलं रोज बदलणार, आणि मला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही. बायकोशिवाय कुणाला माहीत नाही. कळलं तर भूगोल काढून घेतील, हातात देतील पी.टी.

२ डिसें., मंगळ.
युक्ती सापडली! कोडमध्ये रंग म्हणजे तीन आकडे. २५५, ०, ० म्हणजे लाल. आकडे वाचता येतात की. मॅडमकडून कागदावर छापून घेतलं. रंग नक्की कळण्याची आयुष्यातली पहिलीच वेळ. येताना बाकरवडी आणली.

४ डिसें., गुरु.
फजिती. कागद बघून ठणकावून सांगितलं, "हा लाल सह्याद्री, हा हिरवा किनारा." वर्ग हसला. सायली मोकाशी उठून म्हणाली, "सर, उलटं आहे. सह्याद्री हिरवा दिसतोय." मी नकाशाकडे नीट बघून म्हणालो, "डोळे तपासून घे." बसली बिचारी.
तासानंतर मॅडम: "अहो सर, सॉरी, चूक माझी. ही दिव्यांची पट्टी हिरव्याचा आकडा आधी घेते, मग लालचा. त्यामुळे अदलाबदल झाली."
म्हणजे पोरगी बरोबर. डबा तसाच परत आणला.

५ डिसें., शुक्र.
सायलीची माफी मागायची असं ठरवून गेलो. व्हरांड्यात समोर आली. "मोकाशी, वही तपासायला दे," एवढंच बोललो. भित्रा.

६ डिसें., शनि.
शाळा सुटल्यावर सायलीच आली.
"सर, माझ्या मामाला पण लाल-हिरवं सारखंच दिसतं. तो सिग्नल वरचा की खालचा बघून थांबतो."
नाही म्हणायला तोंड उघडलं, जमलं नाही.
"मी रंगाशिवाय कोड केलाय. जितकं उंच तितका जास्त उजेड. सोमवारी लावू?"
लाव म्हणालो. वर्गाला कारण काय सांगायचं, हे तिने विचारलं नाही. पोरीला पोच आहे. माफी आजही राहिली. लाज वाटते.

८ डिसें., सोम.
लावला. कोकण मंद, घाट लख्ख, पुढे पूर्वेकडे उजेड उतरत गेलेला. सह्याद्री पहिल्यांदा पाठ न करता दिसला. डोळे भरून आले, चष्मा पुसत बसलो.
मागच्या बाकावरून: "सर, रंग का काढले? आधीचा भारी होता की!"
सायली मान खाली घालून वहीत. ती कधीच बोलली नसती. मॅडम दारात उभ्या.
म्हणालो, "सांगतो. पण आधी सगळ्यांसमोर सायलीची माफी मागायची आहे. डोळे माझे अधू आहेत, तिचे नाहीत." मग सगळंच सांगून टाकलं.
दुपारी मुख्याध्यापिकांची चिठ्ठी: उद्या दहाला भेटा. कशासाठी, ते लिहिलेलं नाही.
घरी हिला चिठ्ठी दाखवली. म्हणाली, "घाबरलात?"
हो म्हणालो.