सूनबाई दुकानात येते

३ मार्च
सूनबाईने आज दुकानात आरशाखाली निरोधचा डबा ठेवला. उघडा! सासऱ्याच्या दुकानात! मी पाठ फिरवून कात्र्या पुसत बसलो. कान नुसते तापले. ती आरोग्य केंद्रात समुपदेशक. तरुण पोरांना एचआयव्हीपासून आणि नशेपासून सांभाळायचं तिचं काम — तिला कसली लाज? म्हणाली, बाबा, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड लावता ना, तसंच हे. ती गेल्यावर डब्यावर टॉवेल टाकला.

५ मार्च
डबा रिकामा. टॉवेल जागच्या जागी!

११ मार्च
टोप्या आला. पार्सलं पोचवतो, डोक्यावर कायम टोपी. मिसरूड फुटलं तेव्हा पहिली दाढी मीच केली त्याची. खुर्चीत बसला की सगळं दुकान हसवायचा. आज पेंगत होता. एवढ्या उकाड्यात लांब बाह्या. कापड गुंडाळताना बाही सरकली — कोपराच्या आत सुयांचे डाग. काळेनिळे. हातातला वस्तरा खाली ठेवला. पेंगणाऱ्याच्या गळ्याशी पातं नेऊ नये. म्हटलं, आज नुसते केस कापू.

घरी सांगितलं. ही म्हणाली, त्याला पुन्हा दुकानात पाऊल टाकू देऊ नका. सूनबाईचं भलतंच. "येऊ द्या त्याला, बाबा. तुमच्या खुर्चीत तो अजून मान टाकून बसतो. एवढा विश्वास दुसऱ्या कुणावर उरला नसेल त्याचा."

१५ मार्च
टोप्या दाढीला आला, तसा सूनबाईला फोन केला. आली, बाकावर टेकली. मला वाटलं, आता उपदेश सुरू. छे! आधी विचारलं, जेवलास का? मग इकडचं तिकडचं. मग हळूच — सुई कुणाकुणात फिरते? तो खाली बघत म्हणाला, मित्रमित्र एकच वापरतो. तिने पिशवीतून नव्या सुयांचं पाकीट काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं!

तो गेल्यावर मी भडकलो. पोराला मरायचं सामान देतेस? ती शांत. "नशा सुटायला वेळ लागतो, बाबा. सुटेल त्या दिवशी तो जिवंत हवा."

पुसलेल्याच कात्र्या पुन्हा पुसायला घेतल्या.

२४ मार्च
टोप्या आपणहून आला. वापरलेल्या सुया डब्यात बंद करून परत आणल्या होत्या. मित्रांनाही नव्या हव्यात म्हणे. सूनबाईला सांगितलं तर परीक्षेत पहिली आल्यासारखी हसली.

२ एप्रिल
आज एचआयव्हीची तपासणी. केंद्रात नशा सोडवायचं औषधही देतात, रोज समोर बसवून. टोप्या दोन्हीला तयार झाला, पण अट घातली — काका सोबत हवेत. ऐन गर्दीच्या वेळी शटर ओढून गेलो. बघतो तर त्याच्या मागून सगळी मित्रमंडळी!

सूनबाईला कामात पहिल्यांदाच पाहिलं. एकेकाला आत घेत होती. आवाज चढवणं नाही, नाक मुरडणं नाही. पोरं आत जाताना खांदे पडलेले, बाहेर येताना सरळ. मी बघतच राहिलो. सकाळी नातीला शाळेत धाडून माझ्यासमोर भाजी निवडत बसली होती ती हीच?

मित्रांचे रिपोर्ट आज तरी ठीक आले, तीन महिन्यांनी पुन्हा बघायचे. टोप्याने रिपोर्ट ऐकताना मला शेजारी बसवून घेतलं. त्याला एचआयव्ही निघाला.

ताडकन उठला. संपलं सगळं, म्हणाला, आणि दाराकडे निघाला. मी आडवा झालो, तर मलाच बाजूला सारू लागला. सूनबाई म्हणाली, बाबा, जरा बाहेर थांबता? आणि दार लोटलं.

बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. डोळे लाल. पण आवाज ठाम — "काका, गोळ्या आजपासूनच सुरू करतोय."

असं काय सांगितलं असेल तिने? माझ्या वयाला जमलं नाही ते या पोरीला कुठून जमतं?

३ एप्रिल
दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. सूनबाई आली आणि बाक सोडून थेट खुर्चीत बसली. म्हणाली, "काल त्याला सांगितलं ते तुम्हालाही कळायला हवं. मलाही एचआयव्ही आहे, बाबा. जन्मापासून. तुमच्या मुलाला लग्नाआधीच सांगितलं होतं."

रोज औषध घेते. त्यामुळे नवऱ्याला लागण नाही. नातीच्याही सगळ्या तपासण्या झाल्या, तिला काही नाही. एवढं सांगून ती आरशात न बघता बसून राहिली. मी काय म्हणतो याची वाट बघत.

म्हटलं, नातीची शाळा सुटायची वेळ झाली. चल, दोघं जाऊ आणायला.